कोंडीत रिठ्याचा फेस

गावाचं नाव मी सांगणार नाही. मालवणच्या वरच्या अंगाला, समुद्राकाठी आहे, एवढं पुरे. प्रवासाहून आलेल्या माणसानं गावाचं नाव, राहायची सोय, जेवण कुठं चांगलं मिळतं, हे सगळं सांगायचं असतं. आमच्या हुपरीत तर कोणी नुसता जोतिबाला जाऊन आला तरी आठवडाभर कट्ट्यावर तेच ऐकवतो. पण त्या गावात मी जे करून आले, त्यानंतर तिथं आणखी माणसं पाठवायचं तोंड मला राहिलेलं नाही. नाव सोडून बाकी सगळं सांगते.

आम्ही चांदीतली माणसं. पुढच्या खोलीत कारखाना, मागं घर. पैंजण जोडायचं काम आमचे हे करतात. घुंगरं बसवायची आणि शेवटी माल चमकवायचा, हे माझ्याकडं. रिठे भिजत घालायचे, हातानं कुस्करायचे, आणि त्या फेसाळ पाण्यात पितळी ब्रशनं दागिना घासायचा. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच करते. दुसऱ्या बायका गावाला जाताना पिशवीत पावडर-कंगवा टाकतात, मी रिठ्याची पुडी टाकते.

शिमग्याच्या आधी मालवणच्या एका सराफाला लग्नसराईचे नमुने दाखवायचे होते. आमचे हे म्हणाले, “जातोयच तर चार दिवस समुद्राकडंला ऱ्हाऊ की. आयुष्यभर नुसती नदीच बघितल्या.” मला तरी कुठं माहेरी समुद्र होता? निघालो.

घाटाखाली

फोंडा घाट उतरला आणि पहिला अपघात झाला. वळणावर पिशवी कलंडली, ठेच्याची बरणी उघडली आणि सगळा ठेचा यांच्या पांढऱ्या शर्टावर. समुद्र बघायच्या आधीच आमचे हे लाल झाले. पुढं कणकवलीपर्यंत डोळे चोळत आणि मलाच शिव्या घालत आले. बरणीचं झाकण मी लावलेलं नव्हतं हे खरं, पण गाडी तरी माणसासारखी चालवावी.

आमची सोय सुहासवयनींकडं होती. पन्नाशीच्या बाई, नवरा बोटीवर कामाला, महिनेच्या महिने बाहेर. घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात, त्यावर घर चालतं. आम्ही उतरलो तेव्हा त्या दारात आल्या.

“येवा, येवा. दमलास मा?”

“दमायला काय झालंय! गाडीत बसूनच आलोय की!” आमचे हे म्हणाले.

वयनी एक पाऊल मागं सरकल्या. आमच्याकडं प्रेमानं बोललं तरी लांबून भांडण वाटतं, हे त्यांना कोण सांगणार? दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यांना सवय झाली, पण शेजारची माणसं कुंपणापाशी येऊन काय झालं म्हणून बघून गेली.

जेवण मात्र असं की बोलायची सोय नाही. बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, भात आणि शेवटी वाटीत सोलकढी. आमच्या यांनी वाटी उचलून उजेडात धरली. “वयनी, ह्यो पांढरा रस्सा लाजलाय काय वं? आणि गार कशानं झाला?” वयनी पदर तोंडाला लावून हसल्या. तांबडा-पांढरा पिणाऱ्या माणसाला कोकमाची गोडी कळायला दोन जेवणं लागली. तिसऱ्याला हे वाटीऐवजी तांब्या मागायला लागले.

खडपावर

तिथं खडकाळ किनाऱ्याला खडप म्हणतात आणि ओहोटीला सुकती. दुसऱ्या दिवशी सकाळी सुकती लागली तशा वयनी म्हणाल्या, “चला, आमचा खडप दाखवतंय. पण माझ्यावांगडा येवचा, एकट्यान जावचा नाय. हात लावूचो नाय, काय उचलूचा नाय. साबण, क्रीम, शाम्पू, काय काय पाण्यात जावचा नाय.”

मी मान डोलावली. पायात नमुन्याचे पैंजण घातले होते, चांगले रुंद, दुहेरी घुंगरांचे. नमुना पायात असला की बायका आपणहून विचारतात, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती.

खडपावर मध्येच चुन्याचा एक पांढरा पट्टा ओढलेला होता. पट्ट्याच्या अलीकडचा खडक टकला. जुन्या कालवांच्या, म्हणजे खडकाला चिकटून वाढणाऱ्या शिंपल्यांच्या, खरवडलेल्या खुणा तेवढ्या राहिलेल्या, बाकी हात फिरवावा तर गुळगुळीत. पट्ट्याच्या पलीकडं मात्र पाय कुठं ठेवावा कळेना. कालवांचे थर, त्यांच्यावर बारक्या शंखांची दाटी, फटीफटीतून खेकड्यांचे डोळे, ओल्या जागी हिरवं-तांबडं शेवाळ. एकच खडक, एकच समुद्र, आणि मधे बोटभर चुना. माझा विश्वासच बसेना.

वयनींनी सांगितलं. आधी सगळा खडप असाच टकला झाला होता. बाहेरून माणसं पहारी घेऊन यायची, गावातलीही मागं नव्हती. हॉटेलांना कालवं हवी होती, येणाऱ्या-जाणाऱ्यांना शंख हवे होते. मग वयनी गावाच्या बैठकीत उभ्या राहिल्या. बाई माणूस बैठकीत उभं राहिलेलं काही जणांना रुचलं नाही, तरी राहिल्या. अर्धा खडप बंद ठेवायचं ठरलं. दर साली देवळात बैठक बसते आणि बंदी पुढं चालवायची की उठवायची ते ठरतं. यंदाची बैठक उद्याच होती.

“आणि उठवली तर?” मी विचारलं.

“तर चार दिसांत ह्या सगळा तेच्यासारखा,” त्या टकल्या बाजूकडं बोट करून म्हणाल्या.

बंदी नको म्हणणाऱ्यांत पुढं होता बाबल. लहान होडीचा माणूस. वयनी त्याच्यावर रागावलेल्या होत्या, पण त्याची बाजूही त्यांनीच सांगितली. त्याचा बाप लवकर गेला, आईनं कालवं फोडून पोरं वाढवली. तिच्या हातची जागाच पट्ट्यापलीकडं गेली. गेल्या बैठकीत तो ओरडला होता, एक दिवस ही कोंड मी उघडून दाखवीन.

ती कोंड म्हणजे खडपातला खोल खळगा. भरतीला समुद्र त्याच्यावरून जातो, सुकतीला पाणी आत अडकून राहतं. हुपरीतल्या आमच्या मोरीपेक्षा थोडी मोठी असेल. वयनी काठावर उकिडव्या बसल्या आणि मलाही बसवलं. आधी मला काहीच दिसेना. मग एक समुद्रफूल हळूहळू उघडलं. मग तळाला खडकाचाच तुकडा वाटत होता तो मासा निघाला. आणि मग सावलीतून बोटाएवढी, तांबूस, पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं एकदम बाहेर आली.

“तांबोशीची पोरां,” वयनी कुजबुजल्या, जणू पाळण्यातली पोरं झोपली आहेत. “कितके वर्षां दिसाक नाय होती. बंद केल्यार इली. हय वाढतत आणि मगे भायर दर्यात जातत. बाबलाच्याच जाळ्यात गावतली, पण तो आयकणा नाय.”

रोज सुकतीला त्या इथं येऊन बसतात. नवरा बोटीवर, मुलगी सासरी. “घरात कोण आसा बोलूक?” म्हणाल्या. मला हसू आलं. आमच्या घरात बोलायला माणसं इतकी की ऐकायला कोणी नाही.

तेवढ्यात पट्ट्यापलीकडं चार पोरं दिसली. स्क्रूड्रायव्हरनं कालवं उचकटत होती. वर रस्त्याला गाडी उभी, एमएच नऊ. आपली! मग मला राहवेना.

“ए! कुठलं रं तुमी? कोल्हापूरचं न्हवं? लाज वाटत न्हाय व्हय? तितं चुना वडलाय त्यो काय डोळ्याला दिसंना?”

पोरं दचकली. एकजण म्हणाला, “काकू, जरा टेस्ट करायला…”

“टेस्ट तुझ्या आयला सांगून कर! ठेव खाली!”

ठेवलं आणि पळाली. वयनी म्हणाल्या, “ताई, तुमी हय ऱ्हावलात तर माका बोलूकच नको.” माझी छाती फुगली. संध्याकाळी सोलकढी पिताना मी ही गोष्ट यांना दोनदा सांगितली, आणि शेजारीण आली तिलाही.

मी काय केलं

खाऱ्या पाण्यानं पैंजण काळवंडले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी सराफाकडं जायचं होतं. मी रिठे भिजत टाकलेलेच होते. सकाळी उठले, हे घोरत होते, वयनी गोठ्यात होत्या. त्यांचं खळं, म्हणजे अंगण, आरशासारखं सारवलेलं. त्यात रिठ्याचा चिखल नको म्हणून मी भांडं, ब्रश आणि पाण्याची बाटली घेतली आणि खडपावर गेले. एकटीनं जायचं नाही हे पाहुण्यांसाठी होतं. मी तर काल पोरं पळवून लावली होती. मी घरचीच झाले होते, असं मला वाटलं.

पाणी उतरत होतं. कोंडीच्या काठाला बसायला सपाट दगड होता. आता हे कसं सांगू? आम्ही नदीकाठची माणसं. पाण्याशेजारी दगड दिसला की हात आपोआप घासायला लागतात. माझ्या आईनं धुणं असंच धुतलं, मी भांडी अशीच घासली. भांड्यातल्या घट्ट रिठ्याच्या पाण्यात पैंजण घासले, बाटलीच्या गोड्या पाण्यानं विसळले, पदरानं पुसले. काय उजळले होते! मग भांड्यात उरलेला दाट फेस, सालपटांसकट, कोंडीत ओतला.

विचार केला नाही असं नाही. विचार केला. साबण नको म्हणाल्या आहेत, पण हा साबण नव्हे. झाडाचं फळ आहे. लेकरांच्या डोक्याला लावतो. आणि पाण्यात टाकलेलं पुढं वाहून जातं, हे तर आम्ही जन्मापासून बघत आलोय. कोंडीतलं पाणी पुढची भरती येईपर्यंत कुठंच जात नाही, हे आदल्याच दिवशी त्या बाईनं मला शेजारी बसवून दाखवलं होतं.

घरी आले. वयनींनी घावणे आणि नारळाचा गोड रस पुढं ठेवला. मी चार खाल्ले.

मग बाहेरून हाका आल्या. वयनी सुकतीच्या नेहमीच्या फेरीला गेल्या होत्या. त्यांचा आवाज आधी मला ओळखूच आला नाही. गेलो तर कोंडीभोवती माणसं जमत होती. पिल्लं उताणी पडली होती, पांढरी पोटं वर करून. एक-दोन अजून तोंड उघडत होती. तळाचा तो दगडासारखा मासा कडेला तिरका अडकलेला. समुद्रफुलं मिटून गोळा झालेली. वयनी गुडघ्यावर बसून ओंजळीनं पिल्लं उचलत होत्या आणि पलीकडच्या पाण्यात नेऊन सोडत होत्या. ती तिथंही उताणीच होत होती.

“कोणीतरी विख घातल्यान!” एक म्हातारा म्हणाला.

बाबलही आला होता. तो वाकला, काठावरून काहीतरी उचललं, चोळलं, नाकाला लावलं. “ह्या रिठो आसा,” तो म्हणाला. “माझो आजो नदीच्या कोंडीत अशीच रानातली फळां कुटून टाकी. मासो गुंगी येवन वर येता.”

बिचाऱ्यानं माहीत होतं ते सांगितलं. सगळे त्याच्याकडं वळले.

“मगे तुकाच ठावक ह्या!”

“उघडून दाखवतंय म्हणालेलस मा? दाखवलंस?”

“बैठक आज आसा म्हणानच केलंस!”

तो आधी हसला, मस्करी वाटून. मग त्याचा चेहरा उतरला. “माझ्या आवशीची शपथ,” म्हणाला. वयनी ओल्या हातांनी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आवशीचा नाव कित्याक घेतंस? तिनाच पाठवल्यान तुका?” इतक्या सोज्वळ बाईच्या तोंडून हे निघालं आणि त्या माणसानं मान खाली घातली. त्याची आई वर रस्त्यावर काठी टेकून उभी होती. तिनं ऐकलं. वळून निघून गेली.

मी गर्दीत होते. माझ्या नखांत रिठ्याचा फेस वाळलेला होता. मी हात पदराखाली घेतले.

खोलीवर आल्यावर यांना सांगितलं. यांनी आधी दार लावून घेतलं. “कुणी बघितलं का?”

“न्हाय.”

“मग गप बस. सराफाचं करून उद्या निघूया. आपुन परकी माणसं. त्यांचं भांडण जुनं हाय, त्यात आपुन कशाला?”

मी गप्प बसले. सराफाला फोन करून उद्या येतो म्हणालो. वयनींनी दुपारी ताट वाढलं, स्वतः जेवल्या नाहीत. मी तोंड खाली घालून जेवले. जेवले, हे लिहिताना लाज वाटते, पण जेवले.

देवळात

दिवेलागणीला बैठक बसली. वयनी म्हणाल्या, “येवा तुमीय. काल त्या पोरांका तुमी हाकलल्यात ता सांगा. गावाक बरा वाटात.” नाही कसं म्हणणार? पाय ओढत गेले. हे मागून आले.

तिथली पद्धत आमच्यासारखी नाही. आमच्याकडं बैठक म्हणजे आधी कोण मोठ्यानं बोलतो ते ठरतं. तिथं आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. गावातला वडीलधारा देवापुढं उभा राहून सगळ्यांच्या वतीनं मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी एका आवाजात “व्हय म्हाराजा” म्हणायचं. नवल म्हणजे, तिथल्या बोलीतला हा एक शब्द आमचाच होता. दोन दिवस त्यांचं अर्धंच कळत होतं, पण व्हय म्हणजे व्हय. पहिल्या मागण्याला मी सगळ्यांबरोबर म्हणून गेले.

“बा देवा म्हाराजा, आज गाव तुझ्या पायाकडे जमलो आसा, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“दर्यात गेलेल्या लेकरांक सुखरूप घराक आण, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” वयनींचा आवाज सगळ्यांत वर होता.

“जो कोणी आमच्या कोंडीत विख ओतल्यान, मुक्या जिवांक मारल्यान, तो खय आसात थयसून तेका तुझ्या पायाकडे आण, रे म्हाराजा!”

सगळं देऊळ म्हणालं, “व्हय म्हाराजा!” खांबाशी एकटा उभा असलेला बाबल म्हणाला. आणि माझ्याही तोंडातून, सवयीनं, अगदी हुपरीच्या आवाजात, निघालं, “व्हय.”

माझ्याच कानांनी ते ऐकलं. मी आधीच पायापाशी उभी होते. देवाला काही आणायची गरजच नव्हती.

“ती मी हाय,” मी म्हणाले. आवाज इतका मोठा आला की मागची पोरंटोरं गप्प झाली. “कोंडीत रिठ्याचं पाणी मीच वतलंय. पैंजण घासलं आणि वतलं. बाबलभाऊंनी न्हाय. मला म्हायती न्हवतं… न्हाय, म्हायती असायला पायजे हुतं. वयनींनी सांगितलंवतं. आणि सकाळपासनं मी गप बसले, ते तर म्हायती असूनच गप बसले.”

आमचे हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. हात जोडले. त्यांनी हात जोडलेले मी फक्त अंबाबाईपुढं बघितले होते.

कुणीतरी मागं हसलं. “रिठ्यान? पैंजण?” मग तेही थांबलं. गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं, “कशाक गे बाय? गावात पाणी नाय होता?” पाणी होतं. विहीर भरलेली होती. वयनींचं अंगण घाण होऊ नये म्हणून मी त्यांची कोंड मारली, हे कुठल्या तोंडानं सांगू?

मी बाबलपुढं जाऊन वाकले. तो मागं झाला.

“माझ्या पाया कित्याक पडतास?” तो म्हणाला. “सकाळसून माझी आवस दार लावून बसली आसा. भायर येवक नाय. तिका जावन सांगा.” मग तो गावाकडं वळला. “गेल्या बैठकीत मी म्हटलंय, उघडा करा. आज म्हणतंय, बंद ठेवा. पण बंद म्हणजे सगळ्यांका बंद. माका बंद, पावण्यांका बंद, नुसता बघूक जातंत तेंकाय बंद. सुहासवयनी, तुमकाय बंद. ही माणसां तुमच्याच मागसून खडपात गेली.”

खरं तर वयनींनी तोंड उघडायला हवं होतं. त्यांनीच ही बंदी उभी केली होती, त्यांच्यामुळंच पिल्लं आली होती. मी वाट बघत होते की त्या म्हणतील, मी कधी बोटसुद्धा लावलं नाही. त्या उठल्या नाहीत. सकाळी बाबलाच्या आईविषयी आपण काय बोललो, ते त्यांना आठवत असावं.

म्हाताऱ्यानं देवाकडं तोंड केलं. “खडप बंद ऱ्हवतलो, सगळ्यांका बंद, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

वयनींचं व्हय सगळ्यांच्या नंतर, एकटंच आलं.

बाबलाच्या आईकडं मी त्याच वेळी गेले. तिनं दार उघडलं, माझं सगळं ऐकून घेतलं. बसा म्हणाली नाही. “बरा,” म्हणाली आणि दार लावलं. शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

परत

सकाळी वयनींनी वाटेसाठी घावणे बांधून दिले. मी नको नको म्हणत होते. सुकतीची वेळ झाली होती. त्या पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि मध्येच मान वर करून समुद्राकडं बघायच्या. घरातून खडप दिसत नाही. मध्ये माडांची आडवी रांग आहे. “रागावलासा काय वं?” मी विचारलं. “रागावान काय करू?” म्हणाल्या. “सांगलास ता बरा केलास. पण काल थयच सांगलं असतंत, तर माझ्या तोंडातसून ता वाकडा बाबलाच्या आवशीबद्दल गेला नसता.” एवढंच बोलल्या. माझ्या रिठ्यानं मासे मेले आणि माझ्या गप्प बसण्यानं त्या बाईचं तोंड विटाळलं. यातलं दुसरं मला जास्त छळतं.

सराफाकडं गेलोच नाही. नमुने चकचकीत होते, पण ते कुणापुढं धरवेनात. घाट चढताना आमचे हे एकदाही ओरडले नाहीत, म्हणजे मनातून किती हलले असतील बघा.

पुढल्या आठवड्यात शिरोळला भाचीकडं गेलो. इचलकरंजीच्या पुलावर गाड्या थांबलेल्या, माणसं कठड्यावरून वाकून बघत होती. पंचगंगेत मासे मेले होते. हे आम्हाला नवीन नाही. पाणी कमी झालं की वरून कोणीतरी काहीतरी सोडतं, नदी काळी पडते, मासे उताणे तरंगतात, आणि आम्ही पुलावर उभं राहून सोडणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरतो. माझा आवाज त्यात नेहमी वरचा. शेजारची बाई मला म्हणाली, “बगा की मावशी, माणसं हायत का जनावरं? एवडं इख वतताना हात कसा वर येतुया?”

मी गाडीत जाऊन बसले. हात कसा वर येतो, ते मला ठाऊक होतं. सहज येतो. भांड्यात उरलेलं ओतायला जेवढा लागतो, तेवढाच.

त्या रात्री मला करमेना. सकाळी वयनींना फोन लावला. इकडचं तिकडचं बोललो. पावणे येतात का, विचारलं. कमी झाले, म्हणाल्या. खडप बघायला मिळत नाही म्हटलं की दुसरीकडं जातात. बाबलाची आई? बरी आहे. भेटली की बोलते. मग मी धीर केला आणि ज्यासाठी फोन केला होता ते विचारलं. “वयनी, कोंडीत परत कायबी आलंय का वं? तांबोशीची पिल्लं? एकांदं तरी?”

पलीकडून समुद्राचा आवाज येत होता.

“माका काय ठावक, ताई?” वयनी म्हणाल्या. “मी आता खय जातंय थय?”